स्टिकरखालचे कुंकू

कडेगावात कुणाचा सत्कार ठरला की मानपत्र लिहून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. मी इथल्या वाचनालयात ग्रंथपाल होतो, एवढीच माझी पात्रता. आयुष्यभर पुस्तकांवरची धूळ झटकलेल्या माणसाला चांगले शब्द माहीत असणारच, असे लोक धरून चालतात. मला स्वतःला तशी खात्री नाही. पण मला ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि त्याची खात्री मात्र साऱ्या तालुक्याला आहे.

ही गोष्ट आमच्या गाडीच्या बॅटरीची आहे. मानपत्राचा तिच्याशी काय संबंध, ते पुढे येईलच. नाही आला तर तो माझ्या लिहिण्याचा दोष समजावा.

गाडी जुनी आहे. घेतली तेव्हा पांढरी होती. आता तिचा रंग नेमका सांगता येत नाही. तिच्यातून मी आणि माझी बायको बनुबाई दर गुरुवारी कुंडलला तिच्या बहिणीकडे जातो. घरात बनुबाई कामात असते, मी पुस्तकात. आमचे जे काही बोलणे होते ते गाडीत होते. म्हणजे ती बोलते आणि मी गिअर बदलतो. इतक्या वर्षांनंतरही आमचे पटते, याचे श्रेय मी त्या गाडीला देतो.

आमचा मुलगा वीरधवल सैन्यात सुभेदार आहे. त्याला ही गाडी आवडत नाही. मागच्या सुट्टीत ती विट्याच्या रस्त्यावर बंद पडली आणि सुभेदारसाहेबांना भर उन्हात धक्का मारावा लागला. शेजारून उसाचे ट्रॅक्टर जात होते. त्यांच्यावरची माणसे हसली, ते त्याला फार लागले. परत जाताना तो म्हणाला, “नाना, पुढच्या येळेला मी कराड स्टेशनला उतरणार. तुमी गाडी घिऊन या. आली तर ठेवू. न्हाई आली तर दुसऱ्या दिवशी गाडी भंगारात. फायनल.”

“आन मग आमी कुंडलला कशानं जायचं?” बनुबाईने विचारले.

“यष्टी हाय की.”

“यष्टीत ह्ये खिडकीला बसून वाचत बसत्यात. मी कुणाशी बोलू? कंडक्टरशी?”

“फायनल म्हंजी फायनल, आई.”

हा शब्द तो कुठून शिकला माहीत नाही, पण त्यानंतर आमच्या घरात चर्चा होत नाही.

तो यायचा आठवडा उजाडला आणि गाडी सुरूच होईना. किल्ली फिरवली की आतून कुणी म्हातारा खाकरावा तसा आवाज यायचा आणि पुन्हा सारे शांत. बॅटरी गेली होती. म्हणून मी आप्पासोंच्या दुकानात गेलो.

बाजारपेठेत आप्पासोंचे बॅटरीचे दुकान आहे. तिथे देवांचे फोटो इतके आहेत की बॅटऱ्या खाली जमिनीवर ठेवाव्या लागतात. आप्पासो ज्योतिबाचे भक्त. कपाळावर गुलाल, बोलण्यात साखर. मला पाहून ते उठून उभे राहिले, आणि माझ्यासाठी कुणी उठून उभे राहिले की मी अर्धा हरलेलाच असतो.

“या सर, या! तुमच्यासारका वाचणारा मानूस दुकानात आला की पवित्र वाटतं बगा.” त्यांनी एका बॅटरीवर थाप मारली. “ही घ्या. कोरी करकरीत. कालच्याच गाडीतनं उतरलीया. अजून वास बी गेला न्हाई. घ्या की वास!”

मी वाकून वास घेतला. भांड्याच्या साबणासारखा वास आला. पण नव्या बॅटरीला कसला वास असतो हे मला कुठे ठाऊक होते? बॅटरीच्या डोक्यावर सोनेरी स्टिकर होते, त्यावर ठळक छापले होते : ‘अस्सल व नवीन’. खरे तर पुस्तकावर कुणी ‘हे पुस्तक आहे’ असे छापत नाही. मग नव्या वस्तूवर ‘नवीन’ कशाला? पण हे मला घरी आल्यावर सुचले. मला सगळे घरी आल्यावरच सुचते.

आप्पासोंनी जुनी बॅटरी काढून घेतली, ही बसवून दिली. गाडी सुरू झाली. मी खूश होऊन घरी आलो.

आमच्याकडे कुठलीही नवी वस्तू आली की बनुबाई आधी तिची पूजा करते. मिक्सरची केली, मोबाइलची केली, माझ्या चष्म्याचीसुद्धा केली होती. ती ताट घेऊन अंगणात आली. मी बॉनेट उघडून धरले. तिने ओल्या फडक्याने बॅटरीचे डोके पुसले, तेव्हा स्टिकरचा एक कोपरा पाण्याने सुटला. बनुबाईने तो नखाने वर केला आणि तशीच वाकून बघत राहिली.

“आवं,” ती म्हणाली, “हिला कुणीतरी आदीच पुजलीया.”

मी चष्मा सारखा केला. स्टिकरखाली वाळलेले कुंकू होते. कुंकवात तांदळाचा एक दाणा चिकटून बसला होता.

“कारखान्यात पुजली असेल,” मी म्हणालो. “दसऱ्याला करतात पूजा.”

“यंत्राची करत्यात. मालाची करत्यात व्हय? मग बिस्किटाच्या पुड्याला कुकू का नसतं?”

मी बॉनेट दुसऱ्या हातावर घेतले.

“खंडेनवमीचं हाय ह्ये. कुठल्यातरी बाईनं आपल्या गाडीला लावलंय, लय मनापासनं.” बनुबाईने त्या अनोळखी कुंकवाशेजारी आपलेही कुंकवाचे बोट टेकवले, कारण पूजा अर्धी सोडायची नसते. मग स्टिकर पुन्हा दाबून बसवले आणि माझ्याकडे वळली. “जावा आत्ताच्या आत्ता. जास्त बोलूच नका. ‘ही जुनी हाय, बदलून द्या.’ येवढंच.”

एवढेच वाक्य घेऊन मी घरातून निघालो. पण मारुतीच्या देवळापर्यंत जाईतो ते मला फार उद्धट वाटू लागले. मी त्यात ‘बहुधा’ घातला. चौकात ‘आपला गैरसमज नसावा’ घातले. दुकानाच्या पायरीवर पोचलो तेव्हा वाक्य असे झाले होते की त्यात कुणाचीच चूक उरली नव्हती, आणि बॅटरीचाही उल्लेख शेवटी शेवटी होता.

तेही बोलावे लागले नाही.

“आलात?” आप्पासो ओरडले. “आत्ता तुमच्याकडंच निगालो हुतो! शंभर वर्सं आयुष्य हाय तुमाला. बसा. च्या सांगतो.”

तालुक्यात व्यापाऱ्यांचे एक मित्रमंडळ आहे. ते दर वर्षी एका सचोटीच्या व्यापाऱ्याला ‘आदर्श व्यापारी’ हा पुरस्कार देते. तो मंडळाच्या कार्यकारिणीत आळीपाळीने फिरतो. गेल्या वर्षी तो बियाणेवाल्या चिटणिसांना मिळाला. त्या वर्षी बियाणे उगवले नाही, तो भाग वेगळा. यंदा खजिनदारांची पाळी होती. खजिनदार आप्पासो होते.

“शनिवारी संध्याकाळी कार्येक्रम हाय, हितंच दुकानाम्होरं. मानपत्र तुमी लिवायचं आन वाचायचं बी तुमीच.” ते खुर्ची ओढून जवळ आले. “सर, प्रामाणिकपणाचं तेवढं जरा वाडवून लिवा.”

“किती वाढवू?”

“लोकांच्या डोळ्यात पाणी आलं पायजे.” मग त्यांनी अगदी आपुलकीने विचारले, “बॅटरी बरी चाललीया न्हवं?”

“हो. म्हणजे, बहुधा...”

“चालणारच!”

घरी आलो तेव्हा बनुबाई दारातच उभी होती.

“काय म्हणालं?”

“त्यांना पुरस्कार मिळतोय. मानपत्र मी लिहिणार आहे.”

तिने पदर कमरेला खोचला.

“म्हंजी जुनी बॅटरी नवी म्हणून त्येनं इकली, आन त्यो लय इमानदार हाय ह्ये तुमी लिवणार.”

“असं सरळ पाहिलं तर तसं दिसतं खरं.”

“मग तिरपं बगून सांगा.”

मी लिहायला बसलो. दुकानात जे बोलता आले नाही ते मानपत्रात कुठेतरी घालावे, असे माझ्या मनात होते. पण माझ्या हातून निंदा लिहिली जात नाही. लिहिता लिहिता तिची स्तुती होते. ‘माझी बॅटरी बदलून द्या’ हे मनात धरून मी लिहिले, आणि कागदावर उतरले ते असे : ‘ग्राहकाच्या मुखातून तक्रार बाहेर पडण्यापूर्वीच आपण त्याचा माल बदलून देता, ही आपली ख्याती सर्वदूर पसरलेली आहे.’

आप्पासोंना ते वाक्य सर्वांत जास्त आवडले. “झकास! ह्ये मोट्या अक्षरात घ्या सर. लाल शाईत.” ते त्यांनी मोठ्या अक्षरात, लाल शाईत छापून घेतले.

शनिवारी संध्याकाळी, वाचायच्या सरावासाठी आप्पासोंनी घरी पाठवलेली मानपत्राची फ्रेम नेण्यासाठी गाडी काढावी लागली. फ्रेम दारातून जेमतेम बाहेर येईल एवढी होती. गाडी दोनदा खाकरली, तिसऱ्या वेळी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वीरधवलची रेल्वे कराडला येणार होती. कार्यक्रमाच्या ठिकाणी गाडी उभी केली तेव्हा बनुबाई बॉनेटवरून हात फिरवत म्हणाली, “उद्याच्याला तेवढी लाज राख गं बाई.”

मांडवात गर्दी बरी होती, कारण नंतर जेवण होते. व्यासपीठावर आप्पासो बसले होते. गळ्यात हार, अंगावर शाल, डोक्यावर फेटा. शेजारी प्रमुख पाहुणे म्हणून साखर कारखान्याचे एक माजी संचालक होते. माझे नाव पुकारले गेले, मी उठलो आणि वीज गेली.

मांडव आणि स्पीकरचे काम मुजीबकडे होते. मुजीबचा आवाज असा की त्याने स्पीकरचा धंदा का निवडला हे कोडेच आहे. “आयला, माझी बॅटरी आमचा पोऱ्या अजीम घिऊन गेलाय कोरेगावला, हळदीला!” तो मांडवाच्या त्या टोकाहून बोलला आणि सगळ्यांना ऐकू आले. मग त्याची नजर माझ्यावर पडली. “सर! तुमची गाडी भाईर हाय न्हवं? नवी बॅटरी टाकलीया म्हणं? द्या की जरा, मशीनला जोडतो.”

मी होकार दिला नाही. पण नाही म्हणायलाही मला वेळ लागतो, आणि तेवढ्यात मुजीब बॉनेटपाशी पोचला होता.

“आरं कशाला, कशाला!” व्यासपीठावरून आप्पासो घाईने म्हणाले. “घरचाच कार्येक्रम हाय. सर तसंच वाचत्याल.”

“छे छे, मानपत्र सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे,” पाहुणे म्हणाले. “बॅटरी कुठल्या दुकानची?”

“आप्पासोंचीच!” मुजीब ओरडला.

“मग तर उत्तमच! चालू द्या.”

टाळ्या झाल्या. आप्पासोंना हसू येत नाही असे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मुजीबने बॅटरी आणून व्यासपीठाच्या कडेला ठेवली, वायरी जोडल्या. मी वाचू लागलो. स्पीकरमधून माझा आवाज असा काही भारदस्त येत होता की तो दुसऱ्याच कुणाचा असावा, आणि त्या दुसऱ्या माणसाचा माझ्या मजकुरावर पूर्ण विश्वास असावा असे वाटत होते. पहिला परिच्छेद झाला. दुसरा झाला. ‘आपल्या दुकानातून गेलेली प्रत्येक वस्तू...’ एवढे वाचले आणि स्पीकर घोगरा झाला. माझा आवाज लांबत लांबत रेड्यासारखा झाला. मग एकदा कुईं झाले आणि सगळे गप्प.

“बसली!” मुजीब म्हणाला. “बॅटरी बसली!”

“नवी कशी बसंल रं?” मागून कुणीतरी विचारले.

“म्या काय सांगू गड्या? इचार की ज्येनं इकली त्येला!”

मांडवात हशा पिकला. आप्पासो उठले, हार सावरला.

“मंडळी, बॅटरीत खोट न्हाई. सरांची गाडीच जुनी हाय. जुनी गाडी नव्या बॅटरीला खाती.” काही माना डोलल्या. तेव्हा त्यांना धीर आला. “आन दुसरं म्हंजी सर वाचत्यात लय सावकाश. त्येनं बी उतरती.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. आणि खरे सांगतो, क्षणभर मलाही वाटले की आपण जरा सावकाशच वाचतो.

मग मी बायकांच्या बाजूला पाहिले. बनुबाई माझ्याकडे बघत नव्हती. मांडवाच्या कडेला आमची गाडी बॉनेट उघडे टाकून उभी होती, तिकडे बघत होती. उद्या सकाळी ती गाडी कराडला जाणार नाही, परवा भंगारात जाईल आणि गुरुवारी आम्ही एसटीत बसू, हे तिच्या पाठीवरूनही मला वाचता आले.

‘ही बॅटरी जुनी आहे.’ चार शब्द. मी तोंड उघडले. ते आले नाहीत. मला बोलता येत नाही. पण समोर मानपत्र होते, आणि वाचता मात्र मला येते.

मी लाल अक्षरांवर बोट ठेवले आणि जेवढा आवाज अंगात होता तेवढा लावून वाचले :

“ग्राहकाच्या मुखातून तक्रार बाहेर पडण्यापूर्वीच आपण त्याचा माल बदलून देता!”

पुढे वाचायचे होते, पण चष्म्यावर घामाची वाफ धरली आणि ओळ दिसेना. मी थांबलो. मांडव शांत झाला होता. वाचनालयात ‘शांतता राखा’ असा फलक लावून मला आयुष्यात जमले नव्हते एवढा शांत.

“पुन्ना एकदा हुं द्या, सर!” मागून आवाज आला.

मी पुन्हा वाचले. या वेळी आवाज आणखी वर गेला. माझा आवाज एवढा असेल हे मला माहीत नव्हते.

प्रमुख पाहुणे अनेक निवडणुका लढलेले गृहस्थ होते. वारे कुठून वाहते ते त्यांना लगेच कळते. ते उभे राहिले आणि टाळ्या वाजवत म्हणाले, “वा! आणि आप्पासो हे आता आपल्या सर्वांसमोर करून दाखवणार आहेत!”

“दुकान बंद केलंया...” आप्पासो पुटपुटले.

“किल्ली कमरंलाच हाय की!” मुजीब म्हणाला.

तोवर बनुबाई व्यासपीठापाशी आली होती. तिने बॅटरीवरचे सोनेरी स्टिकर धरून सर्रकन ओढले.

“आप्पासो, ह्ये शेजारचं माझं हाय. पर ह्ये वाळल्यालं कुकू कुणाचं?”

आप्पासो खाली वाकले. आता ते खोटे बोलतील असे मला वाटले. पण त्यांनी हात जोडले.

“वैनी, ज्योतिबाची शपथ, खरं सांगतो. सगळी बॅटरी घासून धुतली. चार्ज केली. पर कुकू पुसायला हात हुईना. देवाचं हाय, कसं पुसायचं? म्हणून वर स्टिकर लावलं.”

हे ते अशा तळमळीने म्हणाले की त्यांना त्यात आपले काही चुकले असे वाटतच नसावे. उलट थोडे पुण्यच पदरी पडले असे वाटत असावे. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी बायकांनी माना हलवल्या. “ते बाकी खरं हाय,” एक म्हणाली. “कुकू पुसू ने.”

बनुबाईसुद्धा घटकाभर विचारात पडली. “तेवढं बरं केलंसा,” ती म्हणाली. “आता दुसरी आणा.”

फेटा, शाल आणि हारासकट आप्पासोंनी दुकान उघडले आणि आतून खोक्यात बांधलेली बॅटरी आणली. पाहुण्यांनी ती माझ्या हाती दिली, फोटो निघाला. पण बनुबाईने ती गाडीत ठेवू दिली नाही. दीपप्रज्वलनाच्या ताटाजवळच्या तांब्यात तिने बोट बुडवले आणि साऱ्या मांडवासमोर बॅटरी सगळ्या बाजूंनी घासून पाहिली. बोटाला काही लागले नाही. तेव्हा तिने त्याच ताटातले कुंकू तिला लावले. त्यानंतर जेवणे झाली. वांग्याची भाजी चांगली होती.

सकाळी गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. कराड स्टेशनवर वीरधवल उतरला. पिशवी खाली ठेवून त्याने आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, मग बॉनेट उघडले.

“नवी हाय?”

“नवी हाय,” बनुबाई म्हणाली.

“कशावरनं?”

“म्या हातानं बगितलीया.”

तो मागे बसला. वाटेत बनुबाईने त्याला आदल्या दिवशीचे सगळे सांगितले. आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता.

“नाना?” तो म्हणाला. “मोट्यानं?”

“दोनदा,” बनुबाई म्हणाली.

कडेगाव येईपर्यंत त्याने गाडीबद्दल काही काढले नाही. उतरताना फक्त म्हणाला, “राहू द्या मग.” फायनल म्हणाला नाही, पण आम्ही तसे धरून चाललो आहोत.

मानपत्र आता आप्पासोंच्या दुकानात लागले आहे. लाल ओळीवर बरोबर येईल असे एक कॅलेंडर त्यावर टांगलेले आहे. परवा त्यांनी मला हाक मारली. चिटणिसांच्या एकसष्टीचे मानपत्र हवे होते. मी आत जाऊन बसलो. एक गिऱ्हाईक जमिनीवरची एक बॅटरी निरखत होते. बॅटरी स्वच्छ होती, भांड्याच्या साबणाचा वास येत होता. वरचे सोनेरी स्टिकर मात्र पहिल्यापेक्षा बरेच मोठे होते. दोघींचे कुंकू झाकायला तेवढे लागणारच.

“कोरी करकरीत,” आप्पासो गिऱ्हाइकाला सांगत होते. “वास घ्या की!”

मला काहीतरी बोलायला हवे होते. वाक्य जुळवू लागलो, त्यात ‘बहुधा’ आला, आणि पुढचे सुचेना. समोर पाण्याचा पेला ठेवलेला होता. मी त्यात बोट बुडवले, खाली वाकलो आणि स्टिकरचा कोपरा घासू लागलो.

“आवं सर,” आप्पासो म्हणाले, “च्या घ्या की, च्या!”

मी घासत राहिलो.